पाच महिन्यांनी, घरात एकटा पडल्यावर तलप परत का आली?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे छत्तिशीतले आहेत, राजारामपुरीत राहतात. दारू सोडून पाच महिने झाले. सोडताना ज्यांच्याबरोबर प्यायचे तो सगळा ग्रुपही सोडला. मग गाडीवरून पडून पाय मोडला, ऑपरेशन झालं आणि आता महिनाभर घरात आहेत. दुसरा मजला, लिफ्ट नाही. बायको बँकेत, मुलगा शाळेत. दुपारी तीनच्या सुमाराला अशी तलप येते की दारू सोडली त्या पहिल्या आठवड्यातही तेवढी आली नव्हती. ते लिहितात, "माझी इच्छाशक्ती संपली का? बायकोला सांगितलं तर ती घाबरेल, म्हणून सांगितलेलं नाही. तंबाखू मात्र दुप्पट झाली आहे. माणसांत जावं तर ती माणसं दारूची, एकटं राहावं तर ही अवस्था."

मी कोल्हापुरात बरीच वर्षं व्यसनमुक्तीचं समुपदेशन करतो. डॉक्टर नाही. त्यामुळे गोळ्यांबद्दल खाली जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं आहे.

तुमच्या मुद्द्याकडे येण्याआधी इतर वाचकांसाठी एक गोष्ट लिहितो, कारण इथे चूक झाली तर जीव जातो. तुम्ही दारू सोडून पाच महिने झालेत, म्हणून तुम्हाला होतो तो त्रास तलपेचा आहे. पण जो माणूस रोज भरपूर पितो आणि कुठल्याही कारणाने घरात अडकून एकदम बंद करतो, त्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्याला शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होणं, माणसं न ओळखणं, अंगात ताप चढणं असं झालं तर ती तातडीची अवस्था आहे, घरी लिंबूपाणी देऊन निभावणारी नाही. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागून दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा हे देशभर दिसलं. केरळमध्ये तर अशा लोकांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश तिथल्या सरकारने काढला. एप्रिलच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तर रोज पिणाऱ्याने एकट्याने, घरात बसून, एकदम सोडू नये. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचार तज्ज्ञाकडे जाऊन गोळ्यांच्या आधाराने सोडावी.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही प्रश्न इच्छाशक्तीचा म्हणून मांडलाय. पाच महिने इच्छाशक्ती होती आणि पाय मोडल्याबरोबर ती आटली, असं होत नसतं. महिनाभरात तुमच्या आयुष्यातून काय गेलं ते बघा. दुकानापर्यंतची चक्कर गेली, कामावरची माणसं गेली, चहाच्या गाड्यावरचं दोन मिनिटांचं बोलणं गेलं. आणि ज्यांच्याशी वीस वर्षं बोलत होता तो ग्रुप त्याआधीच गेला होता. म्हणजे तुम्ही पाच महिने अर्ध्याच माणसांवर भागवत होता, आता तीही राहिली नाहीत.

यामागे मेंदूचं जे काम चालतं ते समजून घेतलंत तर स्वतःला दोष देणं थांबेल. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एक अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस निरोगी माणसांना एके दिवशी दहा तास पूर्ण एकटं ठेवलं, फोनसुद्धा नाही. दुसऱ्या एका दिवशी त्याच माणसांना दहा तास उपाशी ठेवलं. एकटं राहिल्यावर त्यांना माणसं एकत्र हसतबोलत असल्याची चित्रं दाखवली, तेव्हा मेंदूच्या मध्यभागातला जो भाग पेटला, तोच भाग उपाशी माणसाला जेवणाचं चित्र दाखवल्यावर पेटत होता. ओढ निर्माण करणारा हाच भाग दारूच्या तलपेतही सामील असतो. ज्याने वीस वर्षं प्रत्येक गप्पांच्या बैठकीला ग्लास हातात धरलाय, त्याच्या मेंदूत माणसांची भूक आणि दारूची ओढ एकमेकांत गुंतलेली असतात. तीन वाजता तुम्हाला माणूस हवा असतो, आणि मेंदू क्वार्टर दाखवतो.

पहिल्या आठवड्यापेक्षा आता जास्त का, हेही तुम्ही विचारलंय. याचं उत्तर आहे. व्यसन बंद केल्यावर जुन्या खुणांनी जागी होणारी ओढ सुरुवातीला काही आठवडे कमी होण्याऐवजी वाढत जाते आणि मग हळूहळू उतरते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलंय आणि माणसांवरच्या काही अभ्यासांतही. शिवाय पहिल्या आठवड्यात तुमच्याभोवती गर्दी होती. डॉक्टर, बायको, सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे. ऑपरेशनच्या आठवड्यातही तसंच झालं असेल, शहाळी घेऊन पाहुणे आले असतील. मग येणारे थांबले.

हे मी पुराच्या वेळी जवळून पाहिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांकडची माणसं शहरात निवारा केंद्रांत आली. आमच्याकडचे, दारू सोडलेले काहीजण त्यात होते. घर पाण्यात, जनावरांचा पत्ता नाही, आणि तरी बहुतेकजण टिकले. भात वाढत होते, म्हाताऱ्यांना उचलत होते. घसरले ते पाणी ओसरल्यावर. बायको-पोरं पाहुण्यांकडे, आणि हा एकटा घरात चिखल उपसतोय, बोलायला कुणी नाही. संकटात माणूस सहसा टिकतो. संकट मागे सरल्यावर जी पोकळी राहते ती जास्त धोक्याची, असं माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

आणखी एक प्रयोग सांगतो, कारण माझा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ड्रगची चटक लागलेल्या उंदरांना दोन पर्याय दिले. एक कळ दाबली की ड्रग, दुसरी दाबली की एक दार उघडून पलीकडचा उंदीर भेटणार. जवळपास सगळ्यांनी सोबती निवडला. मग संशोधकांनी दोन बदल केले. सोबत्याचं दार उघडायला उशीर लावला, तेव्हा उंदीर पुन्हा ड्रगकडे वळले. आणि सोबत्याची कळ दाबल्यावर पायाला विजेचा झटका द्यायला लागले, तेव्हाही वळले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि माणसाच्या व्यसनात पैसा, घर, जुनी दुखणी असं बरंच काही असतं. पण माझ्या समोर बसणाऱ्या माणसांत मला या दोन गोष्टी रोज दिसतात. सोबत मिळायला उशीर लागतो, किंवा सोबत मागितली की झटका बसतो.

तुमचं घर या नजरेने बघा. तीन वाजता तलप आली. बायको सहाला येणार, म्हणजे माणूस तीन तासांवर. बाटली किती लांब? ओळखीच्या दुकानातल्या पोराला फोन केला तर पंधरा-वीस मिनिटं. आणि बायकोला बँकेत फोन केला तर तुमच्या हिशेबाने ती घाबरणार, म्हणजे झटका. अशा मांडणीत कुणाचीही इच्छाशक्ती हरेल. मांडणी उलटी करायची: माणूस पाच मिनिटांवर आणायचा, बाटली तीन तासांवर न्यायची, आणि फोन केल्यावर झटका बसणार नाही अशी सोय करायची.

बाटली लांब नेणं सोपं आहे. त्या पोराचा नंबर फोनमधून काढा, दुकानदाराला स्वतः सांगा की माझी ऑर्डर घेऊ नका. दुकानदार ऐकतात, हे मी पाहिलंय. रोख आणि यूपीआय या दिवसांत बायकोकडे. घरात पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेली एखादी बाटली असेल तर ती आजच जाऊ दे.

माणूस जवळ आणणं अवघड, आणि इथेच लोक चुकतात. दिवसभर मोबाईल हातात आहे, ग्रुपवर मेसेज येतायत, म्हणजे सोबत आहे असं वाटतं. तसं होत नाही. रील बघताना तुमचं कुणी ऐकत नसतं. तलपेच्या वेळी तुमच्या आवाजाला उत्तर देणारा आवाज लागतो. म्हणून ठरावीक वेळेचा फोन लावून घ्या. तलप आल्यावर करू, असं ठेवलंत तर करणार नाही, लाज आडवी येते. रोज पावणेतीनला कुणीतरी तुम्हाला फोन करणार, आणि तो दारू सोडलेला माणूस असेल तर सगळ्यात चांगलं.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्याची चळवळ अशाच एका फोनातून सुरू झाली. मे १९३५. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा माणूस, दारू सोडून जेमतेम पाच-सहा महिने झालेले, कामासाठी अ‍ॅक्रन नावाच्या परक्या गावात गेला. काम फिसकटलं. संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत एकटा, समोरच्या बारमधून हसण्याचे आवाज. त्याने तिथल्या चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली, मला एखाद्या दारुड्याची गाठ घालून द्या म्हणून. त्यातून त्याला डॉक्टर बॉब भेटले, तेही दारूत अडकलेले, आणि दोघांनी मिळून ही चळवळ उभी केली. तुमचे पाच महिने आणि त्याचे साधारण तेवढेच. या चळवळीच्या मीटिंग आता ऑनलाईनही होतात, मराठीतही. तुमचा पाय बरा होईपर्यंत त्या तुमच्या दुसऱ्या मजल्यावर येऊ शकतात.

फोनवर नेमकं काय बोलायचं, ते एका उदाहरणाने सांगतो. ओळख पटणार नाही एवढेच तपशील देतो. शिरोलीच्या एका फौंड्रीत काम करणारे गृहस्थ, बायको बाळंतपणाला माहेरी, रविवारची सुट्टी. दुपारी फोन आला. "सर, चप्पल घातलीया."

"दाराच्या आत की बाहेर?"

"आतच हाय."

"बरं. तिथंच उभं राहून सांगा, अंगात कुठं जाणवतंय?"

थोडा वेळ गेला. म्हणाले, घसा कोरडा आणि जिभेखाली पाणी, दोन्ही एकदम. हात गार पडलेत. तलप दहापैकी किती विचारलं तर नऊ म्हणाले. सकाळपासून काय खाल्लं विचारलं तर चहा. आमटी-भात गॅसवर तसाच होता. फोन स्पीकरवर ठेवून त्यांना भात गरम करायला लावला. मला तव्याचा, झाकणाचा आवाज ऐकू येत होता. खाताना बाळाच्या नावावर आलो, मुलगी झाली तर आईचं नाव की बायकोच्या पसंतीचं. मी पुन्हा आकडा विचारला तेव्हा चार म्हणाले. चप्पल काढली का विचारलं तर म्हणाले, "कवाच."

यात मी दारूबद्दल एकही उपदेश केला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तलप चढते, टोकाला जाते आणि तिला काही दिलं नाही तर बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत उतरायला लागते. तेवढा वेळ सोबत काढायचा असतो. शरीरात ती कुठे बसली आहे ते सांगायचं, आकडा द्यायचा, पोटात काहीतरी घालायचं. एकटा माणूस वेळेवर जेवत नाही, आणि रिकाम्या पोटी तलप जास्त चावते. तुमचे तीन वाजतात त्याआधी जेवण किती वाजता होतं? एकदा बघा.

दुसरी एक शंका मला त्या तीन वाजण्याबद्दल आहे. दुखण्याची गोळी सकाळी आठला घेत असाल तर ती दुपारी उतरते. पाय ठणकायला लागतो आणि मेंदूला दुखणं थांबवायचा जुना उपाय आठवतो. तसं असेल तर हाडांच्या डॉक्टरांना वेळापत्रक बदलून मागा. मागताना त्यांना स्पष्ट सांगा की मी दारू सोडलेला माणूस आहे. बरेचजण हे लपवतात. ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागू शकते, हे डॉक्टरांनी लक्षात घेऊन लिहून द्यायला हवं. तुम्हाला तलप कमी करण्यासाठी नॅल्ट्रेक्सोन चालू असेल तर अशा वेदनाशामकांचा उपयोग होत नाही. आणि ट्रॅमाडॉल चालू असताना नॅल्ट्रेक्सोन सुरू केली तर मोठा त्रास होतो. अकॅम्प्रोसेट हा दुसरा पर्याय आहे, त्यात हा पेच नाही, पण मूत्रपिंडाची तपासणी बघून देतात. झोपेच्या गोळ्या स्वतःहून मुळीच नको. हे सगळं दोन्ही डॉक्टरांच्या समोर एकदम यायला हवं, म्हणून एका कागदावर सगळ्या गोळ्या लिहा आणि तोच कागद दोघांना दाखवा.

तंबाखूबद्दल थोडक्यात. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, हाड जुळायला उशीर होऊ शकतो, म्हणजे तुमचे घरातले दिवसच वाढतात. दारू आणि तंबाखू एकत्र सोडायला मी तुम्हाला आज सांगणार नाही, पण वाढलेली निम्मी तरी खाली आणा. निकोटिनचा च्युइंगम चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

आता बायको. तुम्ही तिला न सांगून तिला जपताय असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते घरात माणूस असूनही तुम्ही एकटे पडलाय ते यामुळेच. सहाला ती येते तेव्हाही तुम्ही एकटेच असता, कारण दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही बोलत नाही. ती घाबरेल, हे खरं. पण बहुतेक बायका आधीच घाबरलेल्या असतात. दार उघडल्यावर नवऱ्याच्या तोंडाचा वास घेणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. सांगताना तलपेच्या वेळी सांगू नका. रात्री जेवणं झाल्यावर, मुलगा झोपल्यावर सांगा. असं काहीसं: "मला दुपारी तलप येते. मी प्यायलेलो नाही. तू काही करायला नको, फक्त पावणेतीनला दोन मिनिटं फोन कर आणि आकडा विचार. आकडा मोठा सांगितला तर रागवू नकोस." शेवटचं वाक्य गाळू नका. खरा आकडा सांगितल्यावर रडारड झाली तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तिला दोन सांगाल आणि आत आठ असतील.

तिलाही आधार लागेल. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये काम सुरू केलं तेव्हापासून, घरच्यांना उपचारात धरलं जातं, ते उगाच नाही. आणि हे वाचणाऱ्या घरच्या मंडळींना हात जोडून सांगतो, माणसाला न सांगता चहात किंवा आमटीत दारू सोडवायची गोळी मिसळू नका. ती गोळी, म्हणजे डायसल्फिराम, अंगात असताना तो प्याला तर छाती धडधडते, बीपी उतरतं, जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ती माणसाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

ग्रुपचा तुमचा प्रश्न मात्र मला सगळ्यात अवघड वाटतो. कोल्हापुरात माणसाची दोस्ती ग्रुपमध्ये, तालमीत, रस्सा मंडळात असते. पंचगंगेच्या काठी किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर चूल पेटते, मटण शिजतं, आणि बाटली सोबत असतेच. दारू सोडणाऱ्याला आम्ही सांगतो, ती संगत सोडा. बरोबरच सांगतो. पण ती सोडून जायचं कुठे, हे सांगितलं नाही तर त्या माणसाला आम्ही अर्धवट सोडलं असं मी मानतो. तुम्ही सगळा ग्रुप एकदम सोडलात. पहिल्या काही महिन्यांसाठी ते योग्य होतं. आता एकेका माणसाचा विचार करा. त्या दहाबाराजणांत एखादा असा असेल जो मुळात कमी पितो, किंवा जो तुमच्या ऑपरेशनला रक्त द्यायला उभा राहिला. त्या एकट्याला घरी बोलवा, सकाळी, नाष्ट्याला. दोघे-तिघे एकदम नकोत, आणि संध्याकाळ नको. त्याला आधीच सांगा की मी बंद केलीय, विषयही नको. तो आला आणि नीट बसून गेला, तर एक माणूस परत मिळाला. तो हसला किंवा "एकानं काय होतंय" म्हणाला, तर तेही कळलं.

हे सगळं कुणाला किती लागू पडेल ते परिस्थितीवर आहे. तुमचं घर आहे, बायको आहे, पगार आहे. परगावाहून एमआयडीसीत येऊन खोलीवर राहणाऱ्या पोराला पावणेतीनचा फोन कोण करणार? त्याने १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. टेली-मानस दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. तुम्हीही हे नंबर भिंतीवर लावा. आणि तलपेबरोबर दिवसभर उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ती नुसती तलप नाही. त्याला वेगळे उपचार लागतात. वाट बघू नका, त्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञांना गाठा.

एखाद्या दिवशी हे सगळं करूनही प्यायलात, तर त्या रात्रीच बायकोला आणि तुमच्या फोनवाल्या माणसाला सांगा. लपवलेली एक क्वार्टर दुसऱ्या दिवशी दुसरी मागते. वॉकर घेऊन चालणारा माणूस प्यायला तर जिन्यावरून पडतो, हा धोका वेगळाच.

प्लास्टर निघेल त्या दिवसाचं आत्ताच ठरवून ठेवा. महिनाभर कोंडलेला माणूस खाली उतरतो तेव्हा जुने मित्र हमखास भेटतात, पार्टी मागतात. पहिल्या संध्याकाळी बायको-मुलाबरोबर गंगावेशीत दूध प्यायला जा, तिथून थेट घरी. पण त्याला अजून वेळ आहे. आज रात्री जेवण झाल्यावर तिच्याशी बोला, आणि उद्या पावणेतीनला फोन कोण करणार ते झोपण्यापूर्वी ठरवा. काय ठरलं ते इथे लिहिलंत तर पुढचं बोलू.